डोळे मिटून बसणे म्हणजे चळवळीतून पळ काढणे?

"डोळे मिटून बसायला आपण काय रिकामटेकडे आहोत?"

मागच्या वर्षावासात शिरपूरच्या आमच्या विहारात रात्रीच्या वंदनेनंतर वीस मिनिटे ध्यानाला बसायचे ठरले, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने भर बैठकीत हा सवाल टाकला. ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, कंत्राटी भरतीत आरक्षण गिळले जाते आणि तुम्ही श्वास कसले बघताय? त्याला टाळ्याही पडल्या. सवाल रास्त होता, म्हणूनच त्याचे उत्तर जाहीरपणे द्यायला हवे.

त्याची अर्धी बाजू आम्हाला मान्य आहे. ध्यान आज बाजारातला माल झाला आहे. कंपनी कामगाराला ताण सोसायला श्वास शिकवते आणि बारा तासांची ड्युटी तशीच ठेवते. दुःखाला कारण असते, हे तथागतांनी सांगितले. या बाजारू ध्यानात नेमके कारणच विचारायचे नसते. पगार कमी आहे? श्वास बघा. मालक छळतो? श्वास बघा. असल्या ध्यानाला आमचाही विरोधच आहे.

पण म्हणून ध्यानच फेकून द्यायचे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आहे. त्या मार्गाचे सातवे अंग सम्यक स्मृती आणि आठवे सम्यक समाधी. सहा अंगे बाबासाहेबांची आणि शेवटची दोन शिबिरवाल्यांची, अशी वाटणी कुणी केली? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढून पाहा. सगळे जीवनच दुःख असेल तर माणसाला सुखी करायला धम्माचा उपयोग काय, ही अडचण बाबासाहेब प्रस्तावनेतच मांडतात. पुढे निब्बाणाचा अर्थ सांगताना ते मेल्यानंतरच्या मोक्षाकडे बोट दाखवत नाहीत. याच संसारात, जिवंतपणी, विकारांच्या आगीवर ताबा ठेवून मिळणारे सुख, असा तो अर्थ आहे. म्हणजे आनंद हा धम्माचा मूळ विषय आहे. आपण मात्र दुःखाची यादी पाठ केली आणि आनंदाचे पान उलटलेच नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होतात. आपले कितीतरी लोक तिथे जाऊन आले. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईने दहा दिवसांची मजुरी कुठून सोडायची? तिच्यासाठी ध्यान वस्तीतच हवे, रोजच्या दिवसातच हवे. सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभे असताना, खाता-पिताना, गप्प असताना आणि बोलतानाही जागे राहायला सांगितले आहेच. मात्र बोंडाचे काटे बोटांत रुतत असताना त्यातच आनंद शोध, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. काटे रुततात तिथे आधी मजुरीचा प्रश्न आहे.

आमच्या वीस मिनिटांना सगळ्यात आधी बायका आल्या. दिवसभर वेचणी, मग चूल, मग भांडी. एका आजीला आम्ही विचारले, गुडघे दुखत असताना कशाला बसता? ती म्हणाली, "आमना बापले पाटीलना ओटावर कधी बसाले भेटनं नही. आठे मी पाठ ताठ करीसन बठस."

समाजशास्त्रात एम.ए. करताना जातीवर ढीगभर वाचले, पण बसणे हा हक्क आहे, हे आम्हाला त्या आजीने शिकवले. ज्यांच्या बापजाद्यांना कुणी समोर आले की उठून उभे राहावे लागे, त्यांनी कुणासाठीही न उठता वीस मिनिटे बसणे, याला पलायन कसे म्हणायचे?

आता जरा आपल्या कार्यकर्त्यांकडे पाहू. रात्री एक वाजेपर्यंत व्हॉट्सॲपवर भांडणे, सकाळी उठल्या उठल्या तेच. दुसऱ्या गटाच्या जयंतीला गर्दी झाली की आपल्या पोटात दुखते. वस्तीतला पोरगा पीएसआय झाला की अभिनंदनाचा बॅनर लावतो आणि मागे म्हणतो, आता विसरेल समाजाला. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यातली करुणा आपण भाषणात वापरतो. मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखावणे, आपल्या चळवळीत जवळजवळ संपली आहे. गट फुटतात ते तत्त्वावरून, असे आपण सांगतो. किती वेळा ते खरे असते? स्वतःच्या मनातली असूया उठताना दिसली तर ती जिभेवर येण्याआधी थांबवता येते. एवढे जरी ध्यानाने साधले, तरी आमच्या दृष्टीने ते संघटनेचेच काम आहे.

आनंदाची लाज वाटण्याचेही कारण नाही. देह झिजवून काही हाती लागेना, तेव्हा सिद्धार्थाला लहानपणी जांभळाच्या झाडाखाली लाभलेले सुख आठवले आणि या सुखाला आपण का भ्यावे, असा प्रश्न पडला, हे सुत्तांत आलेले आहे. १९३७ मध्ये खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. दर ३१ जुलैला आपण तिथे लेकराबाळांसह, डबे घेऊन जातो, भीमगीते गातो, पावसात भिजतो. त्या दिवशी कुणाला रिकामटेकडे वाटते का?

तो तरुण अजूनही ध्यानाला बसत नाही. बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध प्रिय होता, असे आम्हालाच सुनावतो, बरोबरच सुनावतो. पण हल्ली ती वीस मिनिटे तो मोबाईल बंद करून विहाराच्या पायरीवर थांबतो. मग सगळे मिळून शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसतो. परवा त्याच पायरीवरून त्याने आजीला हात देऊन उठवले.