पाऊल टाकण्यापूर्वी

उन्हाळ्यात मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आईवडिलांची संख्या आपल्या समाजात आता थोडी नाही. लंडन पाहून झाले की मुले त्यांना चार दिवस ग्रामीण भागात नेतात आणि एखाद्या सकाळी ‘मूर’वर फिरण्याचा बेत ठरतो. मूर म्हणजे डोंगरमाथ्यावरील विस्तीर्ण, वृक्षहीन माळ. दृष्टी पोहोचेल तेथवर हेदरची खुरटी झुडपे, ओलसर शेवाळ, काळी माती आणि अखंड वारा. ऑगस्टमध्ये हेदर फुलते, तेव्हा सारा माथा जांभळा होतो.

मँचेस्टर व शेफील्ड या शहरांच्या दरम्यानचा किंडर स्काउट हा ६३६ मीटर उंचीचा असाच एक माथा. आज तेथे कोणीही मुक्तपणे हिंडू शकतो. परंतु हे स्वातंत्र्य सहजासहजी मिळालेले नाही. एके काळी जमीनदारांनी हे माळ ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. आठवडाभर कारखान्यांच्या धुरात राबणाऱ्या कामगारांना सुट्टीच्या दिवशीही तेथे मज्जाव असे. रविवार, २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो लोक हा मज्जाव मोडून वर चढले. राखणदारांशी झटापट झाली. पुढे पाच जणांना तुरुंगवास भोगावा लागला. १९५१ मध्ये हा परिसर ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील, नकाशावर नोंदलेल्या अशा माळांवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला.

हक्क मिळाला, भूमी मात्र नाजूकच राहिली. येथील काळी माती, म्हणजे पीट, पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची बनते. तिचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर थरामागे सुमारे हजार वर्षे. १९६५ मध्ये खुल्या झालेल्या ‘पेनाइन वे’ या पायमार्गावर इतकी पावले पडली की शेवाळ मेले, माती उघडी पडली. अखेर बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या फरश्या आणून जागोजागी वाट बांधावी लागली. ज्या फरश्यांवर कामगार राबले, त्यांच्यावरूनच आता लोक सुट्टीत चालतात.

आपल्याकडील टिटवीप्रमाणे येथील अनेक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. म्हणून १ मार्च ते ३१ जुलै या काळात अशा माळांवर कुत्र्याला आखूड दोरीने बांधून नेणे बंधनकारक आहे.

हे वाचताना जैन वाचकाला ईर्यासमितीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. पुढील चार हात भूमी न्याहाळून, जीव वाचवीत पाऊल टाकावे, हा मुनींचा आचार. पावसाळ्यात जीवोत्पत्ती विपुल होते, म्हणून मुनी विहार थांबवून चातुर्मास करतात. तेथील विणीच्या काळातील निर्बंध आणि आपला चातुर्मास यांची कारणे निराळी असली, तरी पावलाखाली कोणीतरी जगत आहे ही जाणीव दोहोंच्या मुळाशी आहे.

अनेक मूरवर ग्राऊसची शिकार आजही चालते, हे विसरता येत नाही. तिला आळा घालणे पाहुण्याच्या हाती नाही. त्याच्या हाती त्याचे पाऊल आहे. नातवंडे फरशीवरून उतरून मऊ शेवाळावर धावू लागली, तर आजोबांनी त्यांचा हात धरून थांबवावे आणि खाली वाकून ते शेवाळ दाखवावे. एवढ्याने सहल अपुरी राहत नाही.