पाचर आणि नट

पायडल मारताना दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येऊ लागला, की आमचे चिरंजीव पान्हा घेऊन नट करकचून आवळतात. दोन दिवसांनी क्रँक पुन्हा डुगडुगते! एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात हा अनुभव घरोघरी आला असेल.

वाचकहो, दोष नटाचा नव्हे. जुन्या धाटणीच्या सायकलीत क्रँक आसाला घट्ट धरते ती कॉटर पिन, म्हणजे आपली साधी पाचर. आणि पाचर आवळून बसत नाही, ठोकून बसते! ती मागे सरकू नये, एवढेच नटाचे काम. म्हणून क्रँकखाली भक्कम टेकू द्यावा, पिनेची चपटी बाजू आसाच्या सपाट खाचेवर बसवून हातोडीने ठोकावी आणि मगच नट आवळावा. थोडे फिरून आल्यावर पुन्हा तपासावा. पिन झिजली असेल तर नवीच घालावी. ती स्वस्त असते. ‘चालतेय ना!’ म्हणून तशीच दामटली, तर आस खराब होतो; आणि भर रहदारीत चढावर क्रँक दगा देते, तेव्हा प्रश्न पैशांचा राहत नाही.

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर हातोडी सापडेलच. फराळाआधी पोरांच्या सायकली तेवढ्या पाहून घ्या.