सफरचंद आहे कुठं?

मागच्या रविवारी लेखात मी ठोकून दिलं, 'हव्वेने सफरचंद देऊन आदामला फसवलं.' एका ख्रिस्ती वाचकाचा फोन आला, "सर, उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचलाय का?" नव्हता. रात्री वाचला.

सफरचंद कुठंच नाही, नुसतं 'फळ' आहे. सर्प आहे, पण त्याला तिथं सैतान म्हटलेलं नाही. सहाव्या वचनात, मूळ हिब्रूत, नवरा 'तिच्यासोबत'च आहे. चकार शब्द न काढता तोही खातो. देवाने विचारल्यावर मात्र बोट बायकोकडे! पहिल्या अध्यायात तर नर आणि नारी एकदमच निर्माण होतात. फासळीची गोष्ट दुसऱ्यात येते.

तरी आपल्या डोक्यात पक्कं काय? दोष बाईचाच.

मंडळी, ग्रंथ कुणाचाही असो, आधी वाचूया, मग बोलूया. चूक माझी. दुरुस्ती येत्या रविवारी छापतोय.