तूर म्हणजे आर-डब्ल्यू-जे

अमरावतीहून सेटअपची सीडी घेऊन अकोल्याला गेलो होतो, त्याला बरीच वर्षं झाली. एका अडत्याच्या दुकानात हिशेबपट्टीचा प्रोग्राम बसवायचा होता. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला, माझ्याकडे महिनाभर बिनबोभाट चाललेला. तिथे पहिल्याच स्क्रीनला अडला: अमुक डीएलएल सापडत नाही. शेठ म्हणाले, "भाऊ, तुमच्या अमरावतीले चालते, मंग आमच्या अकोल्याले काहून नाई?"

उत्तर होतं, पण शेठना काय सांगणार? व्हीबी ६ हे १९९८ चं. पोटात मजकूर युनिकोडमध्येच ठेवतं, पण त्याचे टेक्स्टबॉक्स नि लेबल जुन्या एएनएसआय वळणाचे, म्हणजे विंडोजच्या चालू कोडपेजातलीच अक्षरं दाखवणारे. थाई, जपानी यांना विंडोजमध्ये स्वतःचं कोडपेज आहे. सेटिंग बदललं की त्यांचं भागतं. देवनागरीला तसं कोडपेज मिळालंच नाही. विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आला, नोटपॅडात मराठी उमटू लागलं, पण व्हीबीच्या फॉर्मवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. यावर एक पळवाट होती: एफएम२० नावाची डीएलएल. तिच्यातला टेक्स्टबॉक्स युनिकोड जाणतो. मी तोच फॉर्मवर ओढून ठेवला होता. मात्र ती फाइल एमएस ऑफिससोबत येते, आणि आपल्या सेटअपमध्ये घालून वाटायला मायक्रोसॉफ्टची परवानगी नाही. माझ्याकडे ऑफिस होतं. शेठकडे नव्हतं, आणि पट्ट्या छापायला त्यांनी ते विकत का घ्यावं?

मग सगळे करत होते तेच केलं. कृतिदेव, म्हणजे इंग्रजी अक्षरांना देवनागरी रूप चढवणारा फाँट. पडद्यावर तूर, कागदावर तूर, डेटाबेसात मात्र आर-डब्ल्यू-जे.

दुसऱ्याने घडवलेला ग्रिड, दुसऱ्याचं रिपोर्ट इंजिन घेण्यात कमीपणा नाही. सगळं स्वतः लिहीत बसलो तर कापसाचा हंगाम निघून जाईल. पण आपण बैल घेताना दात बघतो आणि कंपोनंट घेताना रंग बघतो. डेमो झकास दिसला की झालं. मी आता आधी वाटपाचं कलम वाचतो: हा तुकडा गिऱ्हाइकाच्या संगणकावर नेता येतो का, आणि बनवणाऱ्याने दुकान बंद केलं तर सोर्स कोड हाती राहतो का. कॉलेजांनीही अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर तपासू नये; कोऱ्या विंडोजवर सेटअप चालवायला लावावा. निम्मी पोरं तिथेच शिकतील. (मी शिकलो ते शेठच्या गादीवर, घाम पुसत.)

आज युनिकोड टाळायला तशी सबब उरलेली नाही. डॉटनेटच्या विनफॉर्म्सचा टेक्स्टबॉक्स मराठी सरळ घेतो, आणि डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा कोडही एमआयटी परवान्याखाली खुला केला. व्हीबी ६ च्या एडिटरचा आधार तर ८ एप्रिल २००८ लाच संपला. तरी त्याचा रनटाइम विंडोज ११ मध्येही आहे, म्हणून ती जुनी ईएक्सई अजून चालते. चालते तोवर बदलायला पैसे कोण देईल?

परवा शेठच्या मुलाने पट्टीतला मजकूर कॉपी करून एका शेतकऱ्याला व्हॉट्सअ‍ॅप केला. दहा मिनिटांत शेतकऱ्याचा फोन: "दादा, म्या तं तूर आनली होती. हे आर-डब्ल्यू-जे कोनाचं होय?"

— खिडकीकर