पंधरा वर्षांची गॅप

"कुणाची अॅडमिशन? मुलाची का?"

खिडकीपलीकडच्या बाई तशा चांगल्या होत्या, उगीच खोटं कशाला बोलू. "माझीच" म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या मार्कशीटकडे बघितलं. बी.ई. कॉम्प्युटर, २००८. फॉर्म एम.ए. इतिहासाचा, साल २०२३. फॉर्म परत सरकवत म्हणाल्या, "गॅप सर्टिफिकेट आणा सर. पंधरा वर्षांची गॅप आहे तुमची."

गॅप!

तर मंडळी, गॅप सर्टिफिकेट म्हणजे स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र. नोटरीकडे मजकूर तयारच असतो: सदर कालावधीत मी अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही आणि कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता. फक्त नाव आणि साल भरायचं. या पंधरा वर्षांत मी दोन कंपन्या बदलल्या, लग्न केलं (एकच), घराचं कर्ज घेतलं, मुलगी झाली, वडील गेले, टॅक्स दरवर्षी वेळेवर भरला. कॉलेजच्या लेखी हे सगळं मिळून एक गॅप, आणि त्या गॅपमध्ये मी दरोडे घालत नव्हतो हे मीच शपथेवर सांगायचं.

कागद किरकोळ आहे, अर्ध्या दिवसाचं काम. पण त्यामागचा विचार किरकोळ नाही, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. आपल्याकडे शिक्षण म्हणजे दहावी, बारावी, डिग्री, नोकरी अशी एकच गाडी. मधे उतरलात की संपलं. पुन्हा चढायचं असेल तर आधी खुलासा द्या.

१९१७ मध्ये स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून बाबासाहेब आंबेडकर लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. मग बडोद्याची नोकरी आणि तिथला अपमान, मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९१९ ला साउथबरो कमिटीपुढे साक्ष, जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक'. त्याच वर्षी पैसे जमवून, संसार इथे ठेवून ते परत लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. तुलना करण्याची माझी लायकी नाही, तसा समज कृपया करून घेऊ नका. प्रश्न एवढाच की त्या तीन वर्षांना आमच्या खिडकीवर काय म्हणाले असते? गॅपच ना?

कुणी म्हणेल, अहो आता २०२० चं नवं शैक्षणिक धोरण आहे, कधीही बाहेर पडा, कधीही परत या! वाचलंय मी. २०२१ पासून क्रेडिट साठवायची बँकसुद्धा आहे. त्या बँकेत क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त ७ वर्षं. म्हणजे पंचविशीत थांबलेला पोरगा बत्तिशीपर्यंत आला तर ठीक, चाळिशीत आला तर त्याची पुंजी बुडीत. आणि २०१६ साली बार कौन्सिलने तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या गटासाठी ३० वयाची अट परत आणली होती, ती मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगित केली. पस्तिशीतल्या माणसाने कायदा शिकला तर नेमकं कुणाचं काय बिघडतं, हे मला अजून कळलेलं नाही.

टॅक्सचं तर विचारूच नका. १९६१ च्या कायद्यातल्या ८०सी मध्ये ट्यूशन फीवर सवलत मिळायची, पण मुलांच्या, तीही दोनच मुलांपर्यंत. पहिल्या वर्षाची माझी फीची पावती मी भोळेपणाने प्रूफमध्ये जोडली. ती परत आली, शेरा: "डिपेंडंट चाइल्डचं नाव लिहा." कर्ज काढून शिकलो असतो तर व्याजावर सवलत होती बरं का! साठवलेल्या पैशातून शिकणाऱ्याला ठेंगा.

मग सल्लागार मंडळी येतात. "डिस्टन्सने कर की!" ब्रिटनमध्ये १९६९ ला मुक्त विद्यापीठ निघालं, आपल्याकडे १९८५ ला इग्नू, १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण विद्यापीठ. त्यांचं काम फार मोठं आहे, इतर कुणी दार उघडत नव्हतं तेव्हा त्यांनी उघडलं. पण म्हणून बाकीच्या कॉलेजांनी हात झटकायचे? मोठी माणसं म्हणजे 'तिकडे पाठवायची' माणसं, असं होऊन बसलंय. मला वर्गात बसायचं होतं. सकाळी साडेसातला, बावीस वर्षांच्या पोरांशेजारी, जी मला पहिला महिनाभर 'सर' म्हणत होती आणि नंतर 'दादा' म्हणायला लागली. (एकीने 'काका' म्हटलं. असो.)

आणि ऑफिस? क्लाउडची सर्टिफिकेशनं करा, कंपनी पैसे देते. दोन केली मी, मुदत संपली, काय शिकलो ते आज आठवत नाही. एम.ए.चं सांगितल्यावर मॅनेजर म्हणाला, "छान छान... पण रोलला याचा काय उपयोग?" आता इथे मी लिहावं अशी अपेक्षा असणार की इतिहासामुळे माझं डिझाइन सुधारलं, कम्युनिकेशन सुधारलं वगैरे. नाही लिहिणार. झालं असेल किंवा नसेल. उपयोग दाखवा नाहीतर गप्प बसा, हा नियम आपण गिर्यारोहणाला लावत नाही, मॅरेथॉनला लावत नाही, ऐंशी हजारांच्या सायकलीला तर नाहीच नाही. पुस्तक उघडलं की मात्र हिशोब मागतात.

सोपं होतं असंही नाही. पहिल्या सेमिस्टरला एका पेपरात चक्क नापास झालो. पंधरा वर्षं कीबोर्ड बडवल्यावर तीन तास पेन धरवत नाही हे एक कारण. खरं कारण वेगळं. मी उत्तरं पॉवरपॉइंटसारखी लिहिली होती, चार-चार शब्दांचे मुद्दे. आमच्या मॅडम माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही निष्कर्ष लिहिलाय. तिथपर्यंत पोचलात कसे, ते कुठेय?" त्या रात्री मी बायकोला म्हणालो, सोडतो. सकाळची सगळी धावपळ, मुलीची शाळा, डबा, तीच एकटी ओढत होती, आणि मी इकडे नापास. ती म्हणाली, "सोडायचं असेल तर सोड. माझ्या नावावर नको सोडूस." ते फार लागलं. रिएक्झामचा फॉर्म भरला. मोडीचा कित्ताही तेव्हाच हातात घेतला, आणि आता पेशवे दफ्तरातल्या एखाद्या पत्राची ओळ अडखळत का होईना लागते. पहिल्यांदा अख्खी ओळ लागली तेव्हा मी हॉलमध्ये ओरडलो होतो.

तेव्हा आई तिथेच बसलेली होती. एस.वाय.बी.ए.ला असताना तिचं लग्न झालं, १९७९ साली. याबद्दल ती कधी काही बोललेली मला आठवत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मात्र भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "तुझ्या त्या फॉर्मवर वयाची अट असते का रे?"

नोटरीकडे आम्ही दोघं गेलो. मजकूर तोच आहे म्हणाला, फक्त आकडा बदलायचा. ४६ वर्षं. टाइप करताना त्याने दोनदा विचारून घेतलं.