बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली, तर शीचा रंग का बघायचा?

नवजात बाळाला कावीळ होणं इतकं सर्रास आहे, की घरात कुणी फारसं घाबरत नाही. 'कोवळ्या उन्हात धरा, उतरेल' हा सल्ला ठरलेला. बहुतेक बाळांची कावीळ उतरतेही. घात होतो तो उरलेल्या मोजक्या बाळांचा.

त्यातल्या काहींना बिलियरी अट्रेझिया असतो. यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नलिका जन्माच्या आसपास बंद होतात, पित्त यकृतातच तुंबतं आणि यकृत निकामी होत जातं. शीला रंग पित्तामुळेच येतो. त्यामुळे या बाळांची शी पांढरट, मातकट किंवा अगदी फिकट पिवळी दिसू लागते आणि लघवीचे मात्र दुपट्यावर गडद डाग पडतात. बाळ दूध पितं, सुरुवातीला वजनही वाढतं. म्हणूनच माळ बांधण्यात आणि वाट पाहण्यात आठवडे जातात.

इथे आठवडेच महत्त्वाचे आहेत. १९५०च्या दशकात जपानी सर्जन मोरिओ कासाई यांनी यावर शस्त्रक्रिया शोधली: बंद नलिका काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडायचा. बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी ती झाली, तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त असते. उशीर होईल तशी ती घटते. मग उरतं यकृत प्रत्यारोपण. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या अनेक मुलांनाही पुढे ते लागतंच. भारतात १९९८मध्ये दिल्लीत लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं, त्या मुलालाही हाच आजार होता.

निदानाची पहिली पायरी साधी रक्ततपासणी आहे. पण एकूण बिलिरुबिन बघून भागत नाही, त्यातलं 'डायरेक्ट' किती हे विचारायला हवं. ते वाढलेलं असेल तर सोनोग्राफी, गरजेनुसार यकृताची बायोप्सी आणि शेवटी ऑपरेशन टेबलवर रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे.

तैवानने २००४पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड दिलं. आई-वडिलांनी रंग जुळवायचा, फिका निघाला तर कळवायचं. त्यानंतर तिथे वेळेत होणाऱ्या शस्त्रक्रियांचं प्रमाण वाढलं. जपाननेही २०१२पासून असं कार्ड देशभर दिलं.

आपल्याकडे तर रंग बघणारं माणूस घरी येतंच. आशाताई बाळाच्या भेटीला १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी येतात, म्हणजे नेमक्या याच काळात. त्या वजन करतात, ताप बघतात. त्यांच्या पिशवीत असं एक रंगीत कार्ड असायला फार खर्च येणार नाही. आजार दुर्मीळ आहे, हे खरं. पण उशिरा सापडलेल्या एका बाळाच्या प्रत्यारोपणाचा खर्च लाखांत जातो आणि यकृताचा भाग बहुधा आई किंवा वडीलच देतात.

तोवर घरच्यांनी एवढं करावं: कावीळ १४ दिवसांपुढे गेली, तर डॉक्टरांकडे जाताना शीचं दुपटं सोबत न्यावं. फोटो काढायचा असेल तर दिवसाउजेडी काढावा; पिवळ्या बल्बखाली पांढरी शीही पिवळीच दिसते.