आंतल्या दालनांचीं दारें

प्रोग्रॅम लिहितांना कोणती मेथड सर्वांस खुली ठेवावी व कोणती आड ठेवावी, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस क्षुल्लक वाटतो. आमच्या मतें तो क्षुल्लक नाहीं. महाड-पोलादपूरच्या मुलांस तर तो मुळींच तसा वाटूं नये.

जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें, हें येथें कोणी विसरलेलें नाहीं. समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें नदीची पातळी पाहून सूचना देणारा प्रोग्रॅम रूबी भाषेंत रचिला. 'पूर' हें बाहेरचें मॉड्यूल. त्याच्या पोटांत 'पातळी' हें दुसरें. लोकांस हवी ती मेथड एकच : 'इशारा'. मापकाची कच्ची नोंद वाचणें, तींतील चूक गाळणें, फुटांचे मीटर करणें, हीं सारीं घरांतलीं कामें होत. बाहेर 'प्रायव्हेट' असें लिहिलें म्हणजे आंतलेंही झांकलें गेलें, असा पुष्कळांचा समज असतो. तो खोटा आहे. तो शब्द ज्या मॉड्यूलाच्या अंगांत लिहावा तेवढ्यासच लागू होतो; आंतलें मॉड्यूल पुन्हा उघड्या दारानेंच सुरू होतें. मग कोणी सोबती न गाळलेली नोंदच थेट उचलतो, आणि खोटी हाकाटी तरी होते किंवा खऱ्या संकटीं मौन तरी पडतें.

रायगडाकडे पाहावें. महादरवाजा लाविला म्हणून बालेकिल्ल्याचे मेणा दरवाजा व पालखी दरवाजा आपोआप लागत नाहींत. प्रत्येक दारास आपला पहारा हवा. शिवाय सर्व भाषांची रीत एक नाहीं. जावांत एकाच बाहेरच्या क्लासच्या पोटांतील क्लास परस्परांचें खासगी पाहूं शकतात. पायथनांत नांवापूर्वीं दिलेली एक अधोरेघ ही केवळ विनंती असते. म्हणून भाषेचा नियम आधीं वाचावा.

आमचें मत असें कीं, खासगी मेथड जेथें वापरावयाची त्याच मॉड्यूलांत ठेवावी. ती दोन आंतल्या मॉड्यूलांस लागूं लागली, तर आडमार्गानें उसनी न घेतां तिच्यासाठीं निराळें लहान मॉड्यूल करावें. डेव्हिड पार्नास यांनीं १९७२ सालीं असें प्रतिपादिलें कीं, जो निर्णय पुढें बदलण्याचा संभव असेल तो एका मॉड्यूलांत झांकून ठेवावा. उद्यां मापक बदलला, तर एकाच खोलींत दुरुस्ती पुरेल.

सर्वच उघडें ठेविल्यास तपासणी सोपी होते, असें कोणी म्हणतात. परंतु निरनिराळ्या नोंदी देऊन परीक्षा 'इशाऱ्या'चीच घ्यावी. लोक विसंबणार ते त्याच्यावर.

पालकांस आमची विनंति आहे कीं, 'प्रोग्रॅम चालतो काय ?' एवढेंच मुलास न विचारतां, 'कोणी भलत्या दारानें शिरला तर काय होईल ?' हेंही विचारावें. या प्रश्नाचें उत्तर ज्यास देतां येईल, त्याच्या हातचें काम पुराच्या रात्रीं उपयोगीं पडेल.